आणि, किंवा, वगळून : योग्य माणसाचा शोध

सांगलीच्या बाजारात हळद पारखण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे. पोत्यातून चार हळकुंडे काढावीत, एखादे मोडावे, आतला रंग पाहावा, वास घ्यावा आणि मगच भाव उच्चारावा. एका पोत्यासाठी एवढी दक्षता घेणाऱ्या पेढीवर माणूस नेमण्याची वेळ आली, म्हणजे मात्र सारा व्यवहार पुष्कळदा एकाच प्रश्नावर आटोपतो : ‘कोणी ओळखीतला आहे का?’

या रीतीला नावे ठेवण्याचे कारण नाही. मामांच्या शब्दावर पंधराव्या-सोळाव्या वर्षी पेढीवर आलेला मुलगा पुढे मुनीमजी झाला आणि चाळीस वर्षे तिजोरीच्या किल्ल्या सांभाळून मानाने निवृत्त झाला, अशी उदाहरणे प्रत्येक व्यापारी घराण्यात सापडतील. ओळख हीच तेव्हा जामीनकी होती. परंतु तेव्हाचे काम पेढीवर बसून शिकता येण्याजोगे होते. रोजमेळ, खतावणी, उधारीची वसुली हे सारे वडीलधाऱ्यांच्या नजरेखाली अंगवळणी पडत असे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, त्यापाठोपाठ ई-वे बिल आणि ई-इनव्हॉइस आले, निर्यातीचे बहुतेक कागद संगणकावरून जाऊ लागले. हे काम जाणणारा माणूस नात्यागोत्याच्या वर्तुळात असेलच, याची शाश्वती राहिली नाही. वर्तुळातील हुशार मुले पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशी गेली. बाजारपेठ वाढली आणि ओळखीचे आवार होते तेवढेच राहिले.

पेढीपुढचा पेच

उदाहरणासाठी हळदीची निर्यात करणारी एखादी पेढी डोळ्यांसमोर आणावी. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, परदेशी मागणी आहे, माल उत्तम आहे. निर्यातीचे कागद पाहणारे जुने गृहस्थ मात्र येत्या दिवाळीला निवृत्त होत आहेत. मागे उरणारे काम लहान नाही. मसाला मंडळाची नोंदणी, शिपिंग बिल, वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र आणि सर्वांत जोखमीचे म्हणजे एलसी, अर्थात बँकेचे पतपत्र.

पतपत्राच्या व्यवहारात बँक माल पाहत नाही, केवळ कागद पाहते. यूसीपी ६०० या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, पतपत्रात वेगळी मुदत दिलेली नसल्यास, माल रवाना झाल्यापासून २१ दिवसांच्या आत आणि पतपत्राची मुदत संपण्यापूर्वी कागद बँकेत सादर व्हावे लागतात. ते तपासण्यास बँकेला जास्तीत जास्त ५ कामकाजी दिवस मिळतात. बीजकातील मालाचे वर्णन पतपत्रातील वर्णनाशी जुळले नाही, एखादे प्रमाणपत्र राहिले किंवा मुदत एका दिवसाने हुकली, तर बँक पैसे देण्यास नकार देऊ शकते. माल तोवर परक्या बंदरात उतरलेला असतो आणि त्यावर दिवसागणिक भाडे चढत असते. अशा खुर्चीवर केवळ ‘आपला आहे’ म्हणून भाच्याला बसविणे म्हणजे एका कंटेनरची किंमत पणाला लावणे होय.

मग घरातील तरुण पिढी संगणकापुढे बसते. नोकरीविषयक संकेतस्थळावर ‘एक्स्पोर्ट मॅनेजर सांगली’ असे टंकले जाते. कधी असंबद्ध नावांचा ढीग हाती येतो, तर कधी रिकामी ओंजळ. ‘आजकाल माणसेच मिळत नाहीत’ असा निष्कर्ष काढून संगणक बंद होतो. वस्तुतः माणसे असतात. चूक प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत असते.

तीन शब्दांचे मूळ

यंत्राला नेमका प्रश्न विचारण्याची जी रीत आज जगभर भरतीच्या कामी वापरली जाते, तिला बुलियन शोध म्हणतात. हे नाव जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञावरून पडले. बूल यांचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी लिंकन या गावी झाला. वडील जोडे बनविणारे कारागीर होते. घरची स्थिती बेताची असल्याने मुलाचे उच्च शिक्षण झाले नाही. गणित आणि अनेक भाषा त्याने बहुतांशी स्वतःच्या बळावर आत्मसात केल्या. एकोणिसाव्या वर्षी त्याने स्वतःची शाळा काढली आणि घराचा भार उचलला. १८५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विचारांच्या नियमांवरील ग्रंथात बूल यांनी असे दाखविले, की तर्कसुद्धा बीजगणिताप्रमाणे मांडता येतो. पांढऱ्या वस्तूंना एक अक्षर द्यावे, मेंढ्यांना दुसरे द्यावे. दोन्ही अक्षरे शेजारी लिहिली की अर्थ होतो पांढऱ्या मेंढ्या. त्यांच्या पत्नी मेरी या, ज्यांच्या नावाने हिमालयाचे सर्वोच्च शिखर ओळखले जाते त्या जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या पुतणी होत.

बूल १८६४ मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी निवर्तले. पुढे १९३७ मध्ये क्लॉड शॅनन या अमेरिकी विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात विजेच्या कळांची जोडणी याच बीजगणिताने मांडता येते हे सिद्ध केले आणि संगणकाचा मार्ग मोकळा झाला. या विशाल शास्त्रातील तीनच शब्द माणूस शोधण्यासाठी पुरेसे आहेत : अँड म्हणजे ‘आणि’, ऑर म्हणजे ‘किंवा’, नॉट म्हणजे ‘वगळून’.

बोलण्यातला ‘आणि’, यंत्राचा ‘आणि’

अर्थ सोपे असले तरी पहिली ठेच येथेच लागते. शेठजी सांगतात, ‘सांगलीची आणि कोल्हापूरची मुले पाहा.’ ऐकणाऱ्याला कळते, की दोन्ही गावांतील मुले पाहायची आहेत. हेच वाक्य जसेच्या तसे यंत्राला दिले, तर ज्याच्या माहितीपत्रात सांगली आणि कोल्हापूर ही दोन्ही नावे आहेत, असाच उमेदवार ते दाखवील. केवळ सांगलीचा आणि केवळ कोल्हापूरचा, असे दोघेही गळून पडतील. बोलण्यातील ‘आणि’ येथे यंत्राच्या भाषेत ‘किंवा’ होतो.

‘किंवा’चेही तसेच. ‘चहा घेणार किंवा कॉफी?’ या प्रश्नात दोहोंपैकी एकच अपेक्षित असते. यंत्राचा ‘किंवा’ अधिक उदार आहे. एक असेल तरी चालते, दोन्ही असले तरी चालते. एवढे ध्यानात ठेवावे : ‘आणि’ जोडला की यादी आखडते, ‘किंवा’ जोडला की यादी वाढते, ‘वगळून’ लावला की यादीतील काही भाग कापला जातो.

चौथे साधन अवतरणचिन्हांचे. दोन शब्द अवतरणात ठेवले, की ते त्याच क्रमाने शेजारीशेजारी असतील तेथेच यंत्र थांबते. अवतरणाविना ‘शिपिंग बिल’ शोधले, तर एका ओळीत शिपिंग आणि भलत्याच ओळीत बिल असलेली माहितीपत्रेही येऊन पडतात.

एका कामाची अनेक नावे

शोधाचे खरे कष्ट संगणकापुढे बसण्याआधीचे असतात. कागद-लेखणी घेऊन त्या कामाला लोक काय काय म्हणतात, याची यादी करावी. हे ज्ञान तरुणांपेक्षा निवृत्त होणाऱ्या गृहस्थांपाशी अधिक असते. म्हणून ही यादी त्यांच्या शेजारी बसूनच करावी. निर्यातीचे कागद पाहणारा कोणी स्वतःला ‘एक्स्पोर्ट एक्झिक्युटिव्ह’ म्हणवतो, कोणी ‘एक्झिम’ लिहितो, तर कोणी पदाचे नाव न लिहिता ‘शिपिंग बिल, एलसी’ अशी कामेच नमूद करतो.

हिशेबाच्या कामातही हेच घडते. सनदी लेखापालाच्या मधल्या परीक्षेला आज ‘सीए इंटर’ म्हणतात. काही वर्षांपूर्वी तीच परीक्षा ‘आयपीसीसी’ या नावाने होत असे. केवळ ‘सीए इंटर’ शोधणाऱ्या पेढीला त्या काळात उत्तीर्ण झालेले अनुभवी उमेदवार दिसतच नाहीत. गावांची नावेही पालटली आहेत. बेळगावचे बेळगावी झाले, औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. जुनी माहितीपत्रे मात्र जुन्याच नावांनी पडून आहेत. दोन्ही नावे ‘किंवा’ने जोडली नाहीत, तर अर्धे गाव हरवते.

कंसाचे महत्त्व

यादी तयार झाली, की तिच्या तीन फळ्या कराव्यात. पहिली कामाची, दुसरी मालाची, तिसरी गावाची. प्रत्येक फळीतील शब्द ‘ऑर’ने जोडून कंसात बसवावेत आणि कंस एकमेकांना ‘अँड’ने जोडावेत. पेढीचा प्रश्न मग असा दिसेल :

("एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन" ऑर "शिपिंग बिल" ऑर एक्झिम) अँड (टर्मरिक ऑर स्पायसेस ऑर ॲग्रो) अँड (सांगली ऑर मिरज ऑर कोल्हापूर ऑर बेळगाव ऑर बेळगावी)

येथे शब्द देवनागरीत दिले आहेत. संगणकावर ते इंग्रजीत टंकावेत, आणि अँड, ऑर, नॉट हे तीन शब्द मोठ्या लिपीतच लिहावेत. कंस गाळू नयेत. २ + ३ × ४ या उदाहरणात आधी गुणाकार होऊन उत्तर १४ येते. (२ + ३) × ४ लिहिले की ते २० होते. यंत्रही सहसा ‘आणि’ आधी सोडविते आणि ‘किंवा’ नंतर. ‘एक्झिम अँड सांगली ऑर कोल्हापूर’ असे कंसाविना लिहिले, तर निर्यातीचा गंधही नसलेले कोल्हापूरचे झाडून सारे उमेदवार यादीत येऊन बसतात.

प्रत्येक संकेतस्थळाच्या खोडी निरनिराळ्या आहेत. गुगलवर दोन शब्दांमधील रिकामी जागा म्हणजेच ‘आणि’. तेथे वगळण्यासाठी ‘नॉट’ नव्हे, तर शब्दाला चिकटून वजाचे चिन्ह द्यावे लागते. लिंक्डइनवर ‘नॉट’ चालतो. मात्र तेथे साधी, सरळ अवतरणचिन्हेच उमगतात. दुसऱ्या दस्तऐवजातून उचलून आणलेली वळणदार चिन्हे टाकली, की सारा शोध फसतो. म्हणून एक फळी टाकावी, निकाल पाहावा, मग दुसरी जोडावी. सारे एकदम टाकले, की चूक कोठे झाली ते कळत नाही.

गावाची फळी थोडी कल्पकतेने वापरली, तर वेगळेच दालन उघडते. निर्यातीचे काम पक्के शिकलेला माणूस सांगलीत बसलेला असण्यापेक्षा न्हावा शेवा बंदराच्या परिसरात असण्याचा संभव अधिक. त्यांतील कित्येकांचे शिक्षण मात्र कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात झालेले असते. म्हणून ‘शिवाजी युनिव्हर्सिटी’ ही अक्षरे अवतरणात ठेवून त्यांना नवी मुंबई आणि निर्यातीच्या कामाची फळी ‘अँड’ने जोडावी. वयोवृद्ध आईवडिलांसाठी गावाकडे परतू इच्छिणारा एखादा अनुभवी गृहस्थ त्या यादीत असू शकतो. त्याला सांगलीत अशी जागा आहे हे ठाऊक नसते, आणि पेढीला तो आहे हे ठाऊक नसते.

वगळताना हात आखडावा

तीन शब्दांपैकी ‘वगळून’ हा सर्वांत धारदार आहे. नवशिके नकोत म्हणून ‘फ्रेशर’ हा शब्द वगळला, तर ‘फ्रेशर मुलांना शिकविण्याची जबाबदारी सांभाळली’ असे लिहिणारा पंधरा वर्षांचा अनुभवी माणूसही त्याच सुरीने कापला जातो. कापले गेलेले नाव पडद्यावर दिसत नाही, म्हणून हळहळही वाटत नाही. त्यामुळे ‘नॉट’ शेवटी वापरावा, एका वेळी एकच शब्द वगळावा, आणि वगळल्यावर कोणती नावे गेली हे एकदा डोळ्यांखालून घालावे.

याहून सूक्ष्म वगळणे मनातले असते. कामाच्या फळीत काही ठरावीक आडनावे ‘ऑर’ने जोडण्याचा मोह होतो. विवाहित स्त्रिया नकोत, मध्ये चार वर्षांचा खंड पडलेले नकोत, अशा अटी न बोलता लागू होतात. भरती करताना केवळ स्त्री म्हणून भेद करण्यास १९७६ च्या समान वेतन कायद्यानेच मनाई केली होती. २०१९ च्या वेतन संहितेतही ते तत्त्व कायम राहिले. कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी व्यवहाराचा हिशेब तेच सांगतो. मुलांच्या संगोपनासाठी काही वर्षे घरी राहिलेल्या स्त्रीला पतपत्राचे ज्ञान विसरले जात नाही; नवे नियम तिला महिन्या-दोन महिन्यांत अवगत होतात. आडनाव पाहून माणूस निवडणे म्हणजे पोत्यावरचा शिक्का पाहून, हळकुंड न मोडताच भाव देणे.

यादीनंतरचे काम

शोधाने हाती येते ती केवळ यादी; माणूस अद्याप यायचा असतो. पहिला निरोप सभ्य आणि पूर्ण असावा. पेढीचे नाव, कामाचे स्वरूप, गाव आणि पगाराची मर्यादा त्यात स्पष्ट असावी. जो दुसऱ्या पेढीवर नोकरीस आहे, त्याला कामाच्या वेळी किंवा कचेरीच्या दूरध्वनीवर गाठू नये आणि त्याची चौकशी बाजारात कोणाच्या कानी जाऊ देऊ नये. एका सैल शब्दाने त्याची आहे ती नोकरी जाऊ शकते. उमेदवाराने पाठविलेले कागद त्याच कामापुरते वापरावेत आणि काम संपल्यावर पुसून टाकावेत. सन २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभाही हाच आहे.

भेटीच्या वेळी हळकुंड मोडून पाहावे. एखादे जुने पतपत्र आणि त्यासोबतचे कागद, नावे झाकून, समोर ठेवावेत आणि ‘यात चुका कोठे आहेत?’ एवढेच विचारावे. अर्ध्या तासात जे कळते, ते दहा शिफारसपत्रांतून कळत नाही. त्यानंतर ज्यांच्या हाताखाली त्याने काम केले, अशा दोघांशी उमेदवाराच्या संमतीने बोलावे. ‘माणूस कसा आहे?’ या प्रश्नाला ‘चांगला आहे’ हेच उत्तर मिळते; ‘कागद बँकेतून परत आले तेव्हा त्यांनी काय केले?’ असे विचारले, की खरा स्वभाव उलगडतो.

आणि ज्यांची माहितीपत्रे संकेतस्थळावर कधी चढलीच नाहीत, त्यांचाही विसर पडू नये. तालुक्याच्या गावी कस्टम्स एजंटकडे वर्षानुवर्षे मुकाट्याने कागद तयार करणारा कारकून कोणत्याही शोधात सापडत नाही. त्याच्यासाठी जुनी रीतच उपयोगी पडते. फक्त विचारणा नातेवाइकांत न होता त्या कामातल्या माणसांत व्हावी.

जॉर्ज बूल यांच्याच चरित्रात याचा दाखला आहे. १८४९ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथे नव्या महाविद्यालयात गणिताच्या प्राध्यापकाची नेमणूक झाली, तेव्हा बूल यांच्यापाशी कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. होते ते प्रसिद्ध झालेले लेखन, १८४४ मध्ये रॉयल सोसायटीने दिलेले पदक आणि त्यांचे काम जाणणाऱ्या गणितज्ञांची शिफारसपत्रे. निवड करणाऱ्यांनी ‘प्राध्यापक अँड पदवी’ एवढीच अट धरली असती, तर ज्याच्या नावाने आज हा शोध ओळखला जातो, तोच माणूस त्या चाळणीतून खाली पडला असता. त्यांनी काम पाहिले, काम जाणणाऱ्यांना विचारले आणि जोडे बनविणाऱ्याच्या मुलाला ती खुर्ची दिली.

येत्या दिवाळीला रिकाम्या होणाऱ्या पेढीवरच्या खुर्चीसाठी ही शोधाशोध आजच आरंभिलेली बरी. जुने गृहस्थ अजून पेढीवर येत आहेत. शब्दांची यादी सांगायला तेच, आणि नव्या माणसाला दोन महिने शेजारी बसवून घ्यायलाही तेच.